नावाआधी काय लिहावे? मिस्टर, मिसेस, मिस आणि मिझ यांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजी पत्रव्यवहारात व्यक्तीच्या नावाआधी कोणती उपाधी लावावी, याविषयीची पत्रे बऱ्याच दिवसांपासून साठत होती. त्यांना सुटी उत्तरे देण्यापेक्षा ती एकत्र घेतली तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गाव आणि व्यवसाय दिला असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतून काही सभासदांना इंग्रजीत पत्रे जातात. पुरुषांच्या नावाआधी मिस्टर लिहिले की काम भागते. स्त्री सभासद विवाहित आहेत की नाहीत हे मात्र नोंदीत नसते. अंदाजाने मिसेस लिहिले तर काही जणी नाराजी कळवतात, मिस लिहिले तरीही कळवतात. वयावरून ठरवा, असे वरिष्ठ सांगतात. निर्धोक उपाधी कोणती? — *पतसंस्थेतील कर्मचारी, नाशिक*

उत्तर : वयावरून ठरवू नये. चाळिशीतील स्त्री विवाहित असेलच असे धरून चालणे हे अनुमान आहे, आणि पतसंस्थेच्या पत्राला अशा अनुमानाची गरज नाही. जिची वैवाहिक स्थिती आपल्याला माहीत नाही, किंवा माहीत असली तरी त्या पत्राशी तिचा काही संबंध नाही, तिच्या नावाआधी मिझ लिहावे. ही उपाधी एम आणि एस या दोनच अक्षरांनी लिहिली जाते आणि तिच्या उच्चारात शेवटी ‘स’ नसून ‘झ’ असतो. बोलताना अनेक जण ती मिस अशी उच्चारतात आणि तिचा हेतूच त्यामुळे हरवतो, म्हणून उच्चाराकडेही लक्ष द्यावे.

मिझ ही फॅशन म्हणून आलेली, पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी काल-परवा शोधलेली उपाधी आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळ आढळतो. तो दूर व्हावा म्हणून थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते. मिस्टर हे मास्टर या शब्दाचे बदललेले रूप आहे; मिसेस आणि मिस या दोन्ही उपाध्या मिस्ट्रेस या एकाच शब्दापासून निघाल्या आहेत. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मिसेस या उपाधीवरून लग्नाचा बोध होत नसे. घर, दुकान किंवा हाताखालची माणसे सांभाळणाऱ्या प्रौढ, प्रतिष्ठित स्त्रीला ती लावली जात असे. एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे १७५८ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या एलिझाबेथ कार्टर आजन्म अविवाहित राहिल्या, तरी त्यांचे समकालीन त्यांचा उल्लेख मिसेस कार्टर असाच करीत. मोठ्या घरांतील मुख्य स्वयंपाकीण किंवा घरव्यवस्था पाहणारी स्त्री अविवाहित असली, तरी तिलाही पुढे कितीतरी काळ मिसेसच म्हणत असत. विवाहितेला मिसेस आणि अविवाहितेला मिस ही काटेकोर वाटणी त्यानंतरची, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घट्ट झालेली. पुरुषांच्या बाबतीत अशी वाटणी कधीच झाली नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

आपल्यापुढे जी अडचण आहे, नेमकी तीच अडचण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एका वृत्तपत्राने १० नोव्हेंबर १९०१ च्या अंकात मांडली होती. स्त्रीची वैवाहिक स्थिती माहीत नसताना मिस लिहिले तरी चूक होण्याचा आणि मिसेस लिहिले तरी चूक होण्याचा संभव असतो, म्हणून दोन्हींची जागा घेणारे दोन अक्षरी रूप वापरावे आणि त्याचा उच्चार मिझ असा करावा, अशी ती सूचना होती. म्हणजे या उपाधीचा उगम चळवळीत नसून पत्र लिहिणाऱ्याच्या शिष्टाचारात आहे. १९६० च्या दशकात शीला मायकेल्स या कार्यकर्तीने तिचा आग्रह धरला, १९७२ पासून त्याच नावाचे मासिक नियमित निघू लागले, आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या मुद्रण कार्यालयाने शासकीय प्रकाशनांत ती वापरण्यास मान्यता दिली. न्यूयॉर्क टाइम्सने मात्र ती जून १९८६ मध्ये स्वीकारली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९८४ मध्ये, जेराल्डिन फेरारो या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. फेरारो हे त्यांचे माहेरचे आडनाव, पतीचे आडनाव झकारो. तरीही ते वृत्तपत्र त्यांचा उल्लेख मिसेस फेरारो असा करीत राहिले. विल्यम सफायर हे त्याच वृत्तपत्रात भाषेवर स्तंभ लिहीत. मिसेसपुढे पतीचे आडनाव येते, म्हणून हे रूप चुकीचे असल्याचे त्यांनीच दाखवून दिले होते.

आपल्या संस्थेसाठी माझी सूचना अशी की सभासद नोंदणीच्या अर्जात उपाधीचा रकाना ठेवावा, तो भरणे ऐच्छिक असावे, आणि सभासदाने जे लिहिले असेल तेच पुढे सर्व पत्रांत वापरावे. एखादीने स्वतःहून मिसेस लिहिले असेल तर तिला मिझ लिहिण्याचा अट्टहास करू नये. रकाना रिकामा असेल तर मिझ लिहावे, किंवा कोणतीही उपाधी न लावता पूर्ण नाव लिहावे. यात कोणताही अनादर नाही.

प्रश्न : लग्नानंतर मी नाव बदलले नाही. शाळेच्या इंग्रजी कागदपत्रांत मात्र माझ्या माहेरच्या आडनावाआधी मिसेस लिहिले जाते. हे बरोबर आहे का? — *शिक्षिका, सातारा*

उत्तर : पारंपरिक इंग्रजी संकेतानुसार बरोबर नाही. मिसेस या उपाधीपुढे पतीचे आडनाव येते, असा तो संकेत आहे. त्यामुळे जुन्या वळणाचा इंग्रज वाचक आपल्या नावाआधी मिसेस पाहून ते आडनाव आपल्या पतीचे समजेल. आपल्या माहेरच्या आडनावाला मिसेस लावले तर ती उपाधी आपल्या आईची होते. फेरारो यांच्याबाबतीत हीच अडचण होती. जी स्त्री विवाहानंतर स्वतःचे आडनाव कायम ठेवते, तिच्यासाठी मिझ हीच नेमकी उपाधी आहे. भारतात लग्नानंतर नाव बदलण्याची कायदेशीर सक्ती नाही, त्यामुळे आपल्यासारख्या स्त्रियांची संख्या लहान नाही, आणि कार्यालयांनी हे समजून घ्यायला हवे. शाळेला साधे लेखी पत्र देऊन मिझ लिहावे अशी विनंती करावी.

याच संदर्भात आणखी एक जुना संकेत सांगतो. पूर्वी मिसेस या उपाधीपुढे पतीचे आडनावच नव्हे, तर त्याचे पूर्ण नाव येत असे, आणि पती वारल्यानंतरही पत्नी तसेच लिहीत असे. मिसेसपुढे स्त्रीचे स्वतःचे नाव आले, तर ती घटस्फोटित असावी, असा अर्थ जुन्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत घेतला जाई. आज हा भेद कोणी पाळत नाही आणि मिसेसपुढे स्त्रीने स्वतःचे नाव लिहिणे सर्वमान्य आहे. तरीही जुनी पत्रे किंवा दस्तऐवज वाचताना तो माहीत असावा, नाहीतर एकाच स्त्रीची दोन नावे पाहून त्या दोन व्यक्ती असल्याचा घोटाळा होतो.

प्रश्न : माझ्या एकटीच्या मालकीचे कापडाचे दुकान आहे. काही पुरवठादार बिलावर माझ्या नावाआधी एम, तिरकी रेघ आणि एस असे लिहितात. मी स्त्री आहे म्हणून ते तसे लिहितात का? — *व्यावसायिक, इचलकरंजी*

उत्तर : नाही. तिरकी रेघ असलेले ते रूप मेसर्स या शब्दाचे आहे. मेसर्स हे मिस्टरचे अनेकवचन असून ते फ्रेंचमधून आले. भागीदारीच्या पेढीला, म्हणजे अमुक आणि कंपनी किंवा अमुक आणि पुत्र अशा व्यक्तिनावांवरून चालणाऱ्या पेढीला ते लावण्याची रीत इंग्लंडमध्ये होती. तेथे ती आता बरीच मागे पडली आहे. आपल्या व्यापारात आणि सरकारी कागदांत मात्र ती टिकून आहे आणि तिरक्या रेघेचे हे रूप तर बाहेरच्या इंग्रजी वाचकाला क्वचितच ओळखू येते. बिल दुकानाच्या नावावर असेल तर त्या रूपाला आपल्याकडे हरकत नाही. आपल्या व्यक्तिगत नावाआधी मात्र ते चुकीचे आहे; तेथे रेघ न देता मिझ लिहिले पाहिजे. उलट चूकही तितकीच होते, म्हणजे मिझ लिहायचे म्हणून टंकलेखक मध्ये रेघ घालतो आणि एका स्त्रीची पेढी होऊन जाते. मर्यादित कंपनीच्या नावाआधी मेसर्स लिहू नये.

प्रश्न : ब्रिटनमधील विद्यापीठात प्रवेशासाठी प्राध्यापकांना पत्र लिहायचे आहे. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहावे का? प्राध्यापक स्त्री आहेत की पुरुष हेही नावावरून कळत नाही. आणखी एक अडचण अशी की त्या विद्यापीठाच्या पत्रांत माझा उल्लेख मिस्टर आणि पुढे माझ्या वडिलांचे नाव असा येतो. — *विद्यार्थी, पुणे*

उत्तर : आपल्या पत्रातील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असल्याने आधी तिच्याविषयी लिहितो. इंग्रजीत मिस्टर, मिसेस, मिस, मिझ या चारही उपाध्या आडनावाला लागतात, नुसत्या पहिल्या नावाला लागत नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले हे मिस्टर गोखले होते, मिस्टर गोपाळ कधीच नव्हते. आपल्याकडे कार्यालयांत मिस्टरपुढे पहिले नाव लावण्याची सवय आहे ती मराठीतील ‘गोपाळराव’ या आदरार्थी रूपाच्या वळणावर पडली असावी, पण इंग्रज वाचकाला ती विचित्र वाटते. आता आपली शालान्त परीक्षेची प्रमाणपत्रे पाहावीत. त्यांत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. त्या क्रमाने नाव दिले तर गोखले गोपाळ कृष्ण असे होते, आणि शेवटचा शब्द तो आडनाव असे मानणारा परदेशी कारकून मिस्टर कृष्ण असे लिहून मोकळा होतो. आपल्याबाबत हेच झाले आहे. विद्यापीठाला आपले आडनाव कोणते आणि दिलेले नाव कोणते हे स्पष्टपणे कळवावे, पारपत्रात ज्या रकान्यात जे आहे त्याच्याशी ते जुळते आहे ना हे पाहावे, आणि ही दुरुस्ती प्रवेशाच्या आधीच करून घ्यावी. पदवीच्या कागदांवर एकदा चूक छापली गेली की ती निस्तरणे फार कष्टाचे होते. दक्षिण भारतातील ज्यांना आडनावच नसते, त्यांच्याबाबतीत मात्र उपाधीपुढे त्यांचे स्वतःचे नाव येणे हेच योग्य आहे.

आता मायन्याविषयी. ‘रिस्पेक्टेड सर’ हे आपल्या ‘आदरणीय महोदय’ या मायन्यावरून घडलेले रूप असून ब्रिटन-अमेरिकेत ते वापरात नाही. तेथील औपचारिक पत्राचा मायना ‘डिअर’ या शब्दानेच सुरू होतो. त्यात जवळीक किंवा प्रेम अभिप्रेत नसते, म्हणून ज्येष्ठांना तो लिहिताना संकोच बाळगू नये. डिअर, त्यानंतर प्रोफेसर किंवा डॉक्टर, आणि त्यानंतर आडनाव, एवढे पुरेसे आहे. शिक्षणक्षेत्रात याने दुसरीही अडचण सुटते, कारण प्रोफेसर आणि डॉक्टर या उपाध्यांवरून स्त्री-पुरुष भेद कळत नाही आणि वैवाहिक स्थितीही कळत नाही. ब्रिटनमध्ये प्रोफेसर हे सर्वोच्च अध्यापकीय पद आहे. तेथील प्रत्येक अध्यापक प्रोफेसर नसतो. विभागाच्या संकेतस्थळावर त्या व्यक्तीची उपाधी दिलेली असते, तीच घ्यावी. एका व्यक्तीला प्रोफेसर आणि डॉक्टर अशा दोन्ही उपाध्या एकत्र लावण्याची जर्मन रीत इंग्रजीत नाही. प्रोफेसर लिहिले की डॉक्टर गळते.

व्यक्तीचे नावच माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ हा मायना चालतो. केवळ ‘डिअर सर्स’ असा मायना मात्र लिहू नये, कारण पत्र उघडणारी व्यक्ती पुरुषच असेल असे त्यात गृहीत धरले जाते. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या नामांकित कायदेसंस्थेने २०१६ मध्ये तो आपल्या पत्रव्यवहारातून काढून टाकला. ब्रिटिश रीतीनुसार, मायन्यात नाव नसेल तर पत्राच्या शेवटी ‘यूअर्स फेथफुली’ आणि नाव असेल तर ‘यूअर्स सिन्सिअरली’ असे लिहितात. ब्रिटिश लेखनात मिस्टर, मिसेस, डॉक्टर यांच्या संक्षिप्त रूपांपुढे पूर्णविराम देत नाहीत, कारण त्या रूपांत मूळ शब्दाचे शेवटचे अक्षर असते. अमेरिकी लेखनात तो देतात. एका पत्रात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही डॉक्टर आहोत. दवाखान्याच्या इंग्रजी पाटीवर माझ्या पत्नीच्या नावाआधी डॉक्टर आणि कंसात मिसेस असे आहे. ते असावे का? इंग्लंडहून परतलेले आमचे एक शल्यचिकित्सक मित्र स्वतःला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणवतात, त्याचे कारण काय? — *वैद्यकीय व्यावसायिक, अकोला*

उत्तर : कंसातील मिसेस काढून टाकावे. इंग्रजीत एका नावाआधी एकच सामाजिक उपाधी असते आणि डॉक्टर ही उपाधी मिस्टर-मिसेस यांची जागा घेते. आपल्या नावाआधी कंसात मिस्टर नाही, मग आपल्या पत्नीने स्वकष्टाने मिळवलेल्या उपाधीला तिच्या विवाहाची जोड कशासाठी द्यायची? मराठीतील ‘डॉ. सौ.’ आणि ‘प्रा. सौ.’ यांवरून ही सवय इंग्रजीत आली आहे, आणि माझ्या मते ती दोन्ही भाषांतून जावी. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली, आणि त्यांचे नाव डॉक्टर आनंदीबाई जोशी असे घेतले की त्यात काही उणे राहत नाही. याच नियमाने नावाआधी डॉक्टर असेल तर इंग्रजीत नावानंतर पुन्हा एम.डी. लिहीत नाहीत, दोहोंपैकी एकच ठेवतात. पाटीवर पदव्या द्याव्या लागतात, त्यामुळे तेथे हा नियम सैल केला तरी पत्रात पाळावा. वकिलांच्या आणि अभियंत्यांच्या नावाआधी लागणारी संक्षिप्त रूपे ही भारतीय रीत आहे. परदेशी पत्रव्यवहारात ती वगळावीत.

आपल्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठाची पदवी घेतलेले ते फिजिशियन आणि तेच डॉक्टर, अशी जुनी विभागणी होती. त्यांचे महाविद्यालय १५१८ मध्ये स्थापन झाले. शस्त्रक्रिया करणारे लोक उमेदवारी करून हातातले कसब शिकत, आणि १५४० पासून ते न्हाव्यांबरोबर एकाच व्यवसायसंघात होते. १७४५ मध्ये ते वेगळे झाले आणि १८०० मध्ये त्यांच्या महाविद्यालयाला राजाची सनद मिळाली. पदवी नसल्याने ते मिस्टर म्हणवले जात. पुढे वैद्यकीय पदवी सर्वांना अनिवार्य झाली, तरी शल्यचिकित्सकांनी मिस्टर हीच आपली ओळख अभिमानाने जपली. तेथील तरुण वैद्य आधी डॉक्टर होतो आणि शल्यचिकित्सेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा मिस्टर होतो. स्त्री शल्यचिकित्सक मिस, मिसेस किंवा मिझ असे लिहितात, आणि त्यांत विवाहित असूनही मिस लिहिणाऱ्या पुष्कळ असतात. भारतात ही रीत रुजली नाही, त्यामुळे येथील पाटीवर डॉक्टर असे लिहिणेच योग्य.

प्रश्न : एका इंग्रजी लेखात ‘सर देशमुख’ असे लिहिल्याबद्दल संपादकांनी माझी चूक काढली. सर ही उपाधी मग कशी लावायची? तिचे स्त्रीलिंगी रूप लेडी की डेम? — *निवृत्त ग्रंथपाल, मुंबई*

उत्तर : संपादकांनी योग्यच केले. सर हा किताब आडनावाला लागत नाही; तो पहिल्या नावाला किंवा पूर्ण नावाला लागतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना १९४४ मध्ये हा किताब मिळाला. त्यांना सर चिंतामण किंवा सर चिंतामण देशमुख म्हणता येते, ‘सर देशमुख’ म्हणता येत नाही. सर रामकृष्ण भांडारकर यांच्याबाबतही तेच. मिस्टर आडनावाला आणि सर पहिल्या नावाला, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. शाळेतील गुरुजींना आपण आडनावापुढे सर म्हणतो तो सर निराळा. तो मराठी बोलीचा भाग झाला आहे आणि तेथे त्याला बाधा नाही. रेव्हरंड या उपाधीचीही अशीच गत आहे. मराठीत रेव्हरंड टिळक हे रूप रूढ असले, तरी काटेकोर इंग्रजीत ‘द रेव्हरंड’ यानंतर पूर्ण नाव येते आणि पुढील उल्लेखात मिस्टर टिळक असे लिहितात.

स्वतःच्या कर्तृत्वाने स्त्रीला मिळणारा किताब डेम, आणि तोही पहिल्या नावाला लागतो. सर झालेल्या पुरुषाची पत्नी लेडी होते, आणि लेडीपुढे आडनाव येते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी म्हणून लेडी टाटा. लेडीपुढे स्त्रीचे स्वतःचे पहिले नाव आले तर ती वरच्या दर्जाच्या उमरावाची कन्या समजावी. वडील १९७५ मध्ये अर्ल झाले तेव्हा डायना स्पेन्सर या लेडी डायना झाल्या. माहीममधून जाणाऱ्या लेडी जमशेटजी रस्त्याच्या नावात मात्र पतीचे पहिले नाव आले आहे. ज्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला, त्या अवाबाई जीजीभाई यांचे ते नाव. इंग्रजी नियमाने लेडी जीजीभाई व्हायला हवे होते, पण मुंबईने रूढ केलेले नाव आता इतिहासाचा भाग आहे आणि ते बदलू नये. येथेही असमानता आहेच : सरची पत्नी लेडी होते, डेमच्या पतीला काहीही मिळत नाही.

मुंबईकरांचा नेहमी होणारा एक घोटाळा सांगायला हवा. सर रतन टाटा म्हणजे १९१६ मध्ये किताब मिळालेले, १९१८ मध्ये निधन पावलेले जमशेटजींचे धाकटे पुत्र. आपल्या काळातील उद्योगपती रतन टाटा यांना २०१४ मध्ये मिळालेला ब्रिटिश सन्मान मानद होता, आणि ब्रिटनचा राजा किंवा राणी ज्यांच्या देशाचे प्रमुख नाहीत अशा परदेशी नागरिकांना मानद सन्मान मिळाला तरी त्यांच्या नावाआधी सर लागत नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने तर लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता राज्याने किताब देण्यासच मनाई केली आहे. याच आधारावर, भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नसल्याने ते नावाआधी किंवा नावानंतर लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केले. पत्रिकांत आणि फलकांवर ‘पद्मश्री अमुक’ असे छापणाऱ्यांनी त्या पुरस्काराचा मान राखण्यासाठीच हे पाळावे.

प्रश्न : मुलाचे विमानाचे तिकीट काढताना मास्टर असा पर्याय येतो, तो निवडावा का? — *गृहिणी, रत्नागिरी*

उत्तर : होय. मास्टर ही लहान मुलग्यांसाठीची उपाधी आहे आणि मुलींसाठी मिस. तिकिटावर उपाधी नावाला चिकटून छापली जाते, त्याची चिंता करू नये. पारपत्राशी नाव आणि आडनाव अक्षरशः जुळणे मात्र आवश्यक आहे.

प्रश्न : एका परदेशी सहकाऱ्याच्या सहीत नावाआधी एम आणि एक्स अशी अक्षरे असतात. ही टंकलेखनाची चूक आहे का? — *संगणक अभियंता, बंगळूर*

उत्तर : चूक नाही. ज्यांना नावाआधी स्त्री किंवा पुरुष असा निर्देश नको असतो, त्यांनी स्वीकारलेली ती उपाधी आहे. तिचा उच्चार मिक्स किंवा मक्स असा करतात. तिचा वापर १९७७ पासून आढळतो आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात तिची नोंद झाली. ब्रिटनमधील अनेक बँका आणि शासकीय कार्यालयेही ती स्वीकारतात. आपल्या सहकाऱ्याने ती स्वतः लिहिली आहे, म्हणून उत्तर देताना आपणही तीच लिहावी. कोणी ती स्वतःहून वापरत नसेल, तर केवळ नावावरून लिंग कळत नाही म्हणून ती लावू नये. तेथे उपाधीशिवाय पूर्ण नाव लिहावे.

प्रश्न : मी न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करते. मिसेससाठी सौ. आणि मिझसाठी श्रीमती असे लिहिले तर चालेल का? — *भाषांतरकार, पणजी*

उत्तर : पहिला भाग चालणार नाही. मिसेस या उपाधीवरून पती हयात आहे की नाही हे कळत नाही. विधवा स्त्रीही आयुष्यभर मिसेसच राहते. सौ. मात्र पती हयात असलेल्या स्त्रीलाच लावतात. न्यायालयीन कागदात सौ. लिहिणे म्हणजे मूळात नसलेले विधान भरणे होय, आणि वारसाहक्काच्या प्रकरणात तर ते धोक्याचे ठरेल. मिसेस, मिस आणि मिझ या तिन्हींसाठी श्रीमती लिहावे, आणि वैवाहिक स्थिती प्रकरणात महत्त्वाची असेल तर ती मजकुरात वेगळ्या शब्दांनी सांगावी. श्रीमती म्हणजे विधवा, हा महाराष्ट्रातील घरगुती समज आहे याची मला जाणीव आहे, आणि काही वाचकांना त्यामुळे हे उत्तर खटकेल. परंतु शासकीय व्यवहारात आणि हिंदीत ही उपाधी तशा मर्यादेत नाही, आणि श्रीमान या पुरुषवाचक शब्दाचे ते सरळ स्त्रीलिंगी रूप आहे. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीच्या नावाआधीची अक्षरे बदलावीत ही प्रथा ज्या स्त्रियांनी सोसली, त्यांच्यासाठी तरी एकच श्रीमती सर्वांना लावणे मला न्याय्य वाटते. मराठीतून इंग्रजीत जाताना श्रीमतीचे आपोआप मिसेस करू नये. मिझ लिहावे, किंवा भारतीय कागदपत्रांत रूढ असलेले श्रीमतीचेच संक्षिप्त इंग्रजी रूप ठेवावे.

इंग्लंडच्या न्यायालयांचे निकाल आपल्याकडे भाषांतराला येत असतील, तर एक बारकावा उपयोगी पडेल. तेथील उच्च न्यायालयातील स्त्री न्यायाधीशांना त्या अविवाहित असल्या तरी ‘मिसेस जस्टिस’ म्हणण्याची रीत होती. २०१४ मध्ये ॲलिसन रसेल यांनी मिझ जस्टिस हे रूप मागितले आणि त्यांना ते मिळाले. त्यामुळे अशा निकालातील मिसेसवरून न्यायाधीशांच्या विवाहाविषयी काहीही ठरवू नये. मराठीत ‘न्यायमूर्ती’ एवढेच लिहावे.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका परदेशातील पाहुण्यांना पाठवायची आहे. जोडप्यांची नावे कशी लिहावीत? बोलताना आम्ही ‘माझे मिस्टर’, ‘त्यांच्या मिसेस’ म्हणतो, ते पत्रिकेसोबतच्या चिठ्ठीत लिहिले तर चालेल का? — *निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली*

उत्तर : चिठ्ठीपासून सुरुवात करतो. मिस्टर आणि मिसेस हे शब्द मराठी बोलीत पती आणि पत्नी या अर्थाने नांदत आहेत आणि मराठीत ते वापरण्यास हरकत नाही. इंग्रजी चिठ्ठीत मात्र हजबंड आणि वाइफ हेच शब्द वापरावेत.

पाकिटावर मिस्टर आणि मिसेस लिहून पुढे केवळ पतीचे पूर्ण नाव लिहिण्याची रीत अजून अनेक जण पाळतात. ती चूक नाही, पण ज्या मैत्रिणीला आपण बोलावतो तिचे नाव त्यात कोठेच येत नाही. म्हणून दोघांची नावे लिहावीत. दोघांचे आडनाव एकच असेल आणि ती स्वतः मिसेस म्हणवत असेल तर मिसेस आणि तिचे नाव, मिस्टर आणि त्याचे नाव, शेवटी आडनाव. आडनावे वेगळी असतील तर मिझ आणि तिचे पूर्ण नाव, नंतर मिस्टर आणि त्याचे पूर्ण नाव. दोघांपैकी एक डॉक्टर असेल तर त्या व्यक्तीचे नाव आधी घ्यावे, मग ती पत्नी असो वा पती. लग्न न करता एकत्र राहणारे जोडपे असेल तर दोघांची पूर्ण नावे दोन ओळींत लिहावीत. वेगळ्या घरी राहणाऱ्या सज्ञान मुलांना स्वतंत्र पत्रिका पाठवावी. लहान मुलांना बोलावायचे असेल तर त्यांची नावे आई-वडिलांच्या नावांखाली लिहावीत, कारण पाकिटावर ज्याचे नाव नाही त्याला निमंत्रण नाही, असेच परदेशातील पाहुणे समजतात.